सरड्याचं खानदान

बसा की कल्याणराव, उठायची कावून घाई — विचारलं त्यात वाईट काय, सिरसाळ्याहून एवढी बैलगाडी हाकत आलात ते लेकासाठी पोरीचं खानदान बघायलाच ना? पोरीचं नाव ऐकून दचकलात. कडू. आता कडू म्हंजी बिनलग्नाची औलाद, हे मलाबी ठावं हाय — पण दोन लेकरं मातीत गेली की तिसरं जगावं म्हणून असंच वंगाळ नाव ठेवतेत. तुमच्या भावकीतबी एखादा दगडू, धोंडू असंलच. न्हाई? असू द्या.

खानदान बघावं तर त्या गोऱ्या सायबानं. ह्याच माळावर आलता, हैदराबादेहून, संगं मुन्शी. कशापायी? सरड्यापायी. गळ्याखाली निळा-तांबडा पंखा फुलवतो ना, तो. पालथा पडून, भिंग लावून खवले बघायचा — तुमी मघाशी पोरीचं नाक बघत व्हता, तसंच. मुन्शी सांगायचा, आधी एका सायबानं ह्या पंखेवाल्याला नाव दिलं, मागून दुसऱ्यानं बिनपंख्याच्या भुरकीला येगळं नाव दिलं, म्हणला जातच दुसरी. ह्यानं उन्हात बसून बघितलं तर ती निघाली नवराबायको. मग दोन नावांचं काय करायचं? तर जे आधी ठेवलं ते खरं, मागचं रद्द — त्यांच्यात कायदाच हाय म्हणे. आमी लई हसलो. सरड्याची काय वरात काढायचीय?

पण एवढा शिकलेला माणूस, सरड्याच्या बाबतीत म्हणतो, आमचं चुकलं व्हतं. आन् आपलं गाव? पोरीच्या बारशाला एक बाई उंबऱ्यात आली न्हाई, माझी सख्खी बहीणबी न्हाई — आत्यानं सांगायचं नाव म्याच वाकून कानात सांगितलं —

कावून आली न्हाई म्हंजी?

आता तोंडातून गेलंच. मंजुळा पाटानं माझ्या घरात आली तवा पोटूशी व्हती. कुणापून, ते म्या तिला कधी पुसलं न्हाई, तुमी मला पुसू नका. दोन लेकरं? न्हाई हो, मातीत कुणी गेलं न्हाई. म्या कानात गंगासागर म्हणलो व्हतो. कडू गावानं म्हणलं, मागून.

हां, पागोटं घ्या तुमचं. बैलं जुपलेलीच हायेत.

गंगासागर, तांब्या आत ने बाळा. पाव्हण्यांना तहान न्हाई.