दुसरी बाटली

शोभेच्या माशांच्या दुकानात रांगेतल्या मुलीने पुढच्या जोडप्याचं सामान मोजलं: पाण्याच्या दोन बाटल्या, पिशवीत पाच मेलेले समुद्री मासे.

“नवी टाकी, आणि आठवड्यात पाच गेले. हिच्या आईनेच पाण्यात काहीतरी टाकलंय.”

“माझी आई सकाळपासून बॅग भरून बसलीय, दादा. नीट तपासा.”

“तांबं बघतो,” दुकानदार म्हणाला. “माशांना ते विषच, शून्य हवं. दुसरी बाटली कसली?”

“यांच्या पिंपातली. खारं पाणी हे त्यात कालवतात, मग टाकीत ओततात. पिंपाला कुलूप, किल्ली यांच्याच खिशात.”

“माझी किल्ली घेतलीस? आणि ते कशाला तपासायचं?”

“कर नाही त्याला डर कशाला?”

दुकानदाराने दोन्हींत थेंब टाकले, रंग तक्त्याशी ताडून पाहिले.

“टाकी, तांबं ०.८. पिंप, तांबं ०.८.”