धुराचा मालक कोण?

मंडळी, ऐका! आज सुरुवातीलाच एक सवाल टाकतो. घाबरू नका, परीक्षा नाही. माणसानं जी वस्तू टाकून दिली, ती पुढं कुणाची?

केळं खाल्लं, साल रस्त्यावर टाकली. साल कुणाची? — "ग्रामपंचायतीची!" बघा, मागून उत्तर आलंसुद्धा! केळं माझं, साल पंचायतीची! वा रे माझ्या राजा! बरं, आता चुलीचा धूर धुराड्यातून वर गेला. तो कुणाचा? गाडीचा धूर मागच्याच्या तोंडावर सोडला. तो? ... आता का गप्प? अहो टाळकरी, तुम्हीपण गप्प? असू द्या. एका चिंचेच्या झाडावरून भांडण झालं होतं, तेच सांगतो.

तळवाकडी नावाचं गाव. नदीकाठची चिकण माती, म्हणून गावात वीटभट्ट्या. सगळ्यात मोठी भट्टी दौलतशेठची. माणूस धार्मिक हो! सप्ताहाची पहिली पंगत त्यांची, मंडपात पहिली खुर्ची त्यांची. आणि आंब्याचा मोहोर काळा पडला म्हणून लोक तक्रार घेऊन गेले, की शेठचं उत्तर ठरलेलं — "माझ्या भट्टीला धूरच होत नाही! वाफ आहे ती, वाफ!" जणू आत इडल्याच लावल्यात!

या भट्टीला लागून अनसाबाईची जमीन. जमीन कसली, पट्टी! नवरा गेलेला, मुलगी सासरी, बाई एकटी. धुरळ्यानं शेतात काही धड पिकत नव्हतं. पण बांधावर एक चिंच होती, सासूनं लावलेली. अशी डेरेदार, की खाली अख्खी पंगत बसावी. बाई चिंच झोडपायची, फोडायची, गोळे करून बाजारात विकायची. त्या झाडावर तिची चूल पेटत होती. झाड गेलं की बाईनं लेकीच्या दारात जाऊन बसायचं, दुसरं काही नाही!

एका वर्षी शेठची कोळशाची गाडी अडकली. विटा रचून तयार, आणि आग द्यायला काही नाही. शेठची नजर गेली चिंचेवर. अहो, चिंचेचं लाकूड आच धरतं म्हणजे कसलं धरतं!

"अनसाबाई, झाड बांधावर आहे. बांध दोघांचा. निम्मं झाड माझं."

"घ्या की निम्मं. सावली तुमच्याच बाजूला जास्त पडतीय, ती घ्या. चिंचा पण झोडपून न्या निम्म्या."

"मला लाकूड पाहिजे."

"शेठ, निम्मं झाड तोडल्यावर उरलेलं निम्मं उभं राहतंय का? माझ्या सासूनं लावलंय, डोक्यावरून पाणी आणून वाढवलंय. माझ्या अंगावर कुऱ्हाड घाला, पण त्याला हात लावू नका!"

झालं! ग्रामसभा बसली. सरपंच कौसल्याताई, बाई कडक. शेठ एकटे आले नाहीत. बरोबर भाचा आणला, प्रफुल्ल. शहरात विज्ञान शिकलेला. शेठनं त्याला पुढं केलं — सांग रे, या अडाण्यांना सांग!

प्रफुल्ल उभा राहिला. "ताई, झाड कशाचं बनतं?"

ताई म्हणाल्या, "मातीचं. आणखी कशाचं?"

"चूक! एवढं मोठं खोड मातीतून आलं असतं, तर झाडाखाली केवढा खड्डा पडला असता! पडलाय का? नाही! झाडाला पाणी लागतं, मातीतलं थोडंफार लागतं. पण लाकूड बनतं ते हवेतल्या कर्बानं. पानं हवेतला कर्बवायू ओढून घेतात, प्राणवायू सोडतात आणि कर्ब ठेवून घेतात. त्याचीच फांदी, त्याचंच खोड. आणि हा कर्बवायू येतो कुठून? जे जळतं त्यातून! झाडाशेजारी कोण जाळतं? मामांची भट्टी! म्हणजे झाड उभं राहिलं ते मामांच्या धुरावर! निम्मं नाही, सगळंच झाड मामांचं!"

मंडळी, काय ही विद्या! पोराचं विज्ञान खोटं नव्हतं, हिशोब तेवढा मामाच्या सोयीचा. हवेतलाच कर्ब लाकूड होतो. हे ज्ञान कुणाला झाड लावायला उपयोगी पडलं असतं, यांना तोडायला पडलं! आणि शेठ! "वाफ आहे, वाफ" म्हणणारे शेठ छाती पुढं काढून उठले — "या पंचक्रोशीत माझ्याइतका धूर कोण सोडतं, दाखवा! बापाच्या काळापासून सोडतोय!"

अहो, हे ऐकल्यावर गाव थोडंच गप्प बसतंय? लोहार उठला — "माझा भाता काय फुकट चालतोय? एक फांदी माझी!" हॉटेलवाला म्हणाला, दिवसभर भजी तळतो, त्याचं काय? ट्रॅक्टरवाले उठले. कोपऱ्यातले खंडूआबा काठी टेकत उभे राहिले — "पोरांनो, मी उभं आयुष्य बिड्या ओढल्यात. दातण करायला एक काडी तरी द्या!" सगळ्यांचे हात वर! ज्यांच्या दारात कधी रोप उगवलं नाही, ते सगळे चिंचेचे वारसदार! अनसाबाई बिचारी पदर तोंडाला लावून बसलेली. तिच्या डोळ्यांसमोर तिचं झाड वाटलं जात होतं.

कौसल्याताईंनी सगळ्यांना खाली बसवलं. मग म्हणाल्या, "प्रफुल्ल, तुझं म्हणणं मला पटलं. झाड धुरावर वाढलं. आता एवढं सांग, शेठच्या भट्टीचा सगळा धूर त्या चिंचेत मावला का?"

पोरगं हसलं. "कसा मावेल, ताई? मामा दगडी कोळसा जाळतात. तो म्हणजे पुरातन काळची रानं, जमिनीखाली गाडली गेलेली. माणूस जन्मायच्या आधीपासून तो कर्ब खाली निजलेला. तो उकरून आपण एका हंगामात वर सोडतो. तेवढा जिरवायला रानंच्या रानं लागतील."

"आणि चिंच तोडून भट्टीत घातली तर? तिच्यातला कर्ब?"

"तोही वर जाणार."

"आणि भट्टीचा बाकीचा धूर आत्ता कुठं आहे?"

"वरच आहे. हवेत."

"कुणाच्या डोक्यावर?"

"सगळ्यांच्याच." पोराचा आवाज जरा खाली आला.

"तिथं राहून काय करतो?"

"गोधडीसारखा बसतो, ताई. खालची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तर उन्हाळे असे पेटतात, पाऊस असा भलत्या वेळी कोसळतो."

ताई वळल्या. "शेठ, निकाल ऐका. धूर ज्याचा, झाड त्याचं. मान्य! पण मग वर लटकतोय तो धूरही त्याचाच. काळा पडलेला मोहोर त्याचा. तापलेली घरं, खोकणारी पोरं, वाहून गेलेली पेरणी — सगळं त्याचं. सभेपुढं 'हो' म्हणा आणि झाड न्या. बाकीच्यांनीही आपापली फांदी याच अटीवर न्यावी!"

आता बघा गंमत! शेठ चाचरले. "म्हणजे ... तशी वाफच जास्त असते." लोहार म्हणाला, हल्ली भाता बंदच असतो. हॉटेलवाल्याकडं गॅस आला. ट्रॅक्टर तर सगळ्यांचे नादुरुस्त! खंडूआबांनी तर विझलेली बिडी कानामागं खोचली — "मी कधीच सोडली, डॉक्टरांनी सांगितल्यापासून!" घटकाभरापूर्वी ज्या धुराला सगळं गाव मालक होतं, तो धूर बेवारस झाला!

ताई म्हणाल्या, "मग झाड अनसाबाईचं. उठा!"

जिंकली! बाई जिंकली! टाळ्या वाजल्या, गुलाल तेवढा राहिला. आणि चार दिवसांत कोळशाची गाडी आली. शेठनं भट्टी पेटवली. लोहाराचा भाता सुरू झाला. झाड वाचवलं म्हणून सगळं गाव खुश, ज्याचा त्याचा धूर ज्याच्या त्याच्या धुराड्यातून सुखानं वर!

अनसाबाई चिंचेखाली बसली होती. प्रफुल्ल शहराकडं निघालेला, तिथं थांबला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, चुकलं माझं."

बाईनं त्याला चिंचेचा गोळा दिला. वर बघितलं. भट्टीचा काळा लोट झाडावरून चालला होता. म्हणाली, "लेकरा, तूच म्हणालास ना, हे झाड धूर पितं? पिऊ दे. कुणाचा का असंना. पण सभेत कुणीच आपला म्हणालं नाही रे. एवढ्या सगळ्यांचा धूर, आणि माझं हे एकच झाड ... कसं पुरायचं रे याला?"

मंडळी, विज्ञान शिकलेला प्रफुल्ल बोटांवर हिशोब मांडायला लागला, बोटं संपली. तो तिथंच बसून राहिला.

तुम्हाला येतंय उत्तर? तुमच्या डोळ्यांत पाणी दिसतंय मला. अनसाबाईसाठी आहे, चांगलं आहे. पुसा आता. मंडपामागं जनरेटर धडधडतोय, ऐकू येतोय? कीर्तनाचा आहे, म्हणजे धूर सोवळ्यातलाच असणार! विचारू, कुणाचा? ... बघा, सप्ताहाचे अध्यक्ष मंडपवाल्याकडं बघतायत, मंडपवाला डिझेलवाल्याकडं. आणि बाहेर ओळीनं लावलेल्या त्या गाड्या? त्या काय देवाच्या? आणि मला आणायला पाठवलेली ती थंडगार गाडी? तिचंही उत्तर मीच द्यायचं आहे, मंडळी, सुटका मलाही नाही.

मृदंगावर थाप पडू द्या, देवाचं नाव घ्यायचंच आहे. पण त्याआधी आज एकदा, मोठ्यानं, शेजारच्याकडं न बघता, स्वतःचं नाव घ्या. बोला — हा धूर कुणाचा?