कपाळाला तेल

गोडेलीव : फुंकर मार आधी. जीभ भाजली माझी.

आलोइस : माफ कर, लीवे. भरवायची सवय नाही मला.

गोडेलीव : कशी असेल? आईला इतकी वर्षं मी भरवलं. तू ईस्टरला यायचास, दुःखात देव कसा जवळ येतो ते सांगायचास आणि सशाचं कालवण ओरपून जायचास.

आलोइस : गुरुवारचं रद्द कर. डॉक्टरणीला मी फोन करतो.

गोडेलीव : ते मरणाचं इंजेक्शन मी मागितलंय, तिनं सुचवलं नाही. हात गेले, पाय गेले, आता घसा चाललाय. थोड्या दिवसांनी हे सूपही उतरणार नाही. तू पाद्री आहेस, मरणाऱ्याच्या कपाळाला लावतात ते तेल फक्त लाव, पापांची क्षमा दे आणि त्या दिवशी उशाशी बस.

आलोइस : सरकारी कायद्यात बसतं म्हणून देवाच्या कायद्यात बसत नाही. मरणाचा दिवस ठरवून बसलेल्या माणसाला क्षमा कशी देऊ? पश्चात्तापच नाही. आयुष्य आपलं नसतं. देवानं ठेवायला दिलेली ठेव आहे ती.

गोडेलीव : ठेव ना? मग परत करतेय.

आलोइस : त्यानं मागितल्याशिवाय?

गोडेलीव : हे अंग बघ माझं. अजून कसं मागायचं त्यानं?

आलोइस : ख्रिस्तही क्रूसावरून उतरू शकला असता. उतरला नाही.

गोडेलीव : संध्याकाळच्या आत सुटला तो. आणि कशासाठी सोसतोय हे त्याला ठाऊक होतं. मी कशासाठी सोसू, सांग.

आलोइस : ठाऊक नाही मला. पण उत्तर ठाऊक नाही म्हणून जीव घ्यायचा?

गोडेलीव : आईचं मॉर्फिन वाढवत नेलं शेवटी. त्यानंच श्वास थांबला. तुलाही कळत होतं. तेव्हा बरं तेल लावलंस!

आलोइस : तिथं दुखणं थांबवायचं होतं, आईला नव्हे. हेतू वेगळा होता.

गोडेलीव : देव हेतू बघतो?

आलोइस : बघतो.

गोडेलीव : मग माझाही बघेल. तू का मध्ये कडमडतोस?

आलोइस : कारण हे तुझ्यापुरतं राहत नाही, बाई! रविवारी माझ्यासमोर सगळ्या म्हाताऱ्याच बसतात. उद्या एखादीला तिची सून विचारेल, तुमचं कधी? आपण ओझं झालो असं वाटायला कितीसा वेळ लागतो? तुला म्हणालं का कुणी तसं?

गोडेलीव : म्हणायला घरात कुणी असावं लागतं.

आलोइस : मग माझ्याकडे चल. खालची खोली रिकामी आहे. मी बघेन तुझं.

गोडेलीव : हेच मी उन्हाळ्यात विचारलं होतं. सहा गावांची चर्चं माझ्या गळ्यात आहेत, म्हणालास. वर वृद्धाश्रमांची पत्रकं धाडलीस.

आलोइस : चुकलं माझं. आता म्हणतोय ना.

गोडेलीव : आता गुरुवारला घाबरून म्हणतोयस. बिशपच्या कानावर गेलं तर काय, म्हणून.

आलोइस : खोटं आहे ते.

गोडेलीव : सगळं?

आलोइस : ...सगळं नाही. लीवे, ऐक. गुरुवारी गळपट्टी काढून येतो. पाद्री म्हणून नाही, भाऊ म्हणून बसतो.

गोडेलीव : भावाची सवय कधीच सुटली मला. पाद्रीच हवाय. माझाही विश्वास आहे रे त्या तेलावर. उगीच मागतेय का?

आलोइस : ते नाही जमणार मला.

गोडेलीव : मग राहू दे. वाटी उचल, सूप गार झालं.

(गुरुवारी दुपारी. घराच्या दाराशी आलोइस आणि डॉक्टर फेरहेल्स्ट.)

डॉक्टर : झालं, फादर. शांतपणे गेल्या.

आलोइस : तुम्ही शेवटचं विचारलंत ना तिला?

डॉक्टर : विचारावंच लागतं. 'हो' म्हणाल्या. पण त्याआधी मला थांबवून ठेवलं होतं त्यांनी. म्हणाल्या, घाई नको, भाऊ गाडी लावतोय.

आलोइस : गाडीतच होतो मी. तेलही आणलं होतं. दार उघडायला हात जाईना.

डॉक्टर : बराच वेळ थांबलो आम्ही.

आलोइस : तिला वाटलं असेल, मला जागा सापडत नाहीये.

डॉक्टर : नाही, फादर. पलंग खिडकीशी होता. तुम्ही दिसत होतात त्यांना.