गोठलेली तोटी

गावाबाहेरच्या हायड्रोजन पंपावर रांग खिळून राहिली होती. पुढच्या गाडीत गॅस भरून झाला होता, पण पंपाची तोटी गाडीलाच गोठून बसली होती. मागच्या गाडीतली नर्स, कामावरून दमून निघालेली, काच उतरवून त्या गाडीपाशी उभ्या नवराबायकोकडे बघत होती.

“अहो, ओढा की जरा!”

“ओढायची नसते. गॅस बर्फाहून गार असतो. वितळली की आपोआप सुटते.”

“आणि लेकीचं विमान? तेही वितळेपर्यंत थांबणार?”

“अगं, धूर नाही, काजळी नाही, मागून नुसतं पाणी निघतं. त्यासाठी एवढं सोसायला नको?”

“पाणी माझ्या डोळ्यांतूनही निघतंय, त्याला पंप लागत नाही! शेजाऱ्यांची जुनी गाडी मागा म्हटलं होतं.”

“वर्षभर त्यांना धुरावरून टोमणे मारलेत मी. कोणत्या तोंडाने मागू?”

“ह्याच! वर्षभर थकलं नाही ते!”

“हात लावू नकोस, कातडी चिकटेल.”

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि तो नवऱ्यापुढे धरला.

“घ्या, तुमची लाडकी. विमानतळावर तिला आत बोलावताहेत. सांगा आता काय ते.”

“हॅलो... हो बाळा, आलोच... नाही गं. नाही पोचत आम्ही. तू जा... स्वेटर वर ठेवलायस ना?”

“द्या इकडे... बाळा, मी बोलतेय. नाही, मी नाही रडत. बाबा रडताहेत.”

टक् करून तोटी सुटली. दोघांपैकी कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. मागे भोंगे वाजू लागले, तशी नर्सने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागच्यांना थांबायची खूण केली.