वकीलसाहेब आणि सिग्नलची सूट

अँब्युलन्सवाल्याला सगळे नियम माफ, असं म्हणता ना? मग ऐका. परवा पेठहून एका अडलेल्या बाईला नाशिकला आणत होतो. मागे तिच्याजवळ तिची सासू आणि डॉक्टरबाई. पंचवटीत सिग्नल लाल, डावीकडे रिक्षा, उजवीकडे दुभाजक आणि समोर एक कार. सायरनला दाद मिळेना, म्हणून उतरून काच वाजवली. आत काळ्या कोटातले वकीलसाहेब.

"साहेब, गाडी पुढे घ्या ना, बाई अडलीय!"

"सिग्नल तोडायची सूट कायद्यानं तुम्हाला आहे, मला नाही."

"अहो, तुम्ही हलल्याशिवाय मी ती वापरू कशी?"

"चांगला प्रश्न आहे," म्हणाले आणि समजावत बसले. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. मी धावत गाडीत बसेपर्यंत पुन्हा लाल, आणि साहेब त्याच प्रश्नाच्या विचारात जागच्या जागी!

मी स्टिअरिंगवर हात आपटला, तोच मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. सासू ओरडली, "पोरगी झाली रं! दोघी बऱ्या हायत!" माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

रडणं ऐकून वकीलसाहेब उतरून माझ्या खिडकीशी आले. "अभिनंदन! पण आता इमर्जन्सी संपली. म्हणजे सूट तुम्हालाही नाही."