मधात दरवाजा उघडला तर

गुरुवार आणि रविवारच्या बोलण्यातले तुकडे.

— अन् लाल लाइट? लुकलुकते का एकसारखी जळते?
— पेन नाही न्यायचा. पेन तिथंच देतात.
— शब्द देल्ला नं मी त्याहीले.
— एक बस आली. हात दाखवला तं कंडक्टरनंबी हात दाखवला, अन् गेली.
— सावली कुठी हाय इथं, एक बाभूळ हाय.
— कोंबडी घेऊन?
— भोंग्यानं कान बसले माहे.
— कोन बसलं? तेवढंच सांग.

गुरुवार. यवतमाळ, जीवनचं गाडीच्या अलार्मचं दुकान.

जीवन: दोन रिमोट भेटते काकाजी. एक तुमच्यापाशी ठेवा, एक काकूपाशी.

नागोराव: एक माह्यापाशी. दुसरा विलासले द्याचा हाय.

जीवन: विलास म्हंजे पोरगा?

नागोराव: लहाना भाऊ. गाडी आठ दिवस माही, आठ दिवस त्याची. बाबा गेल्यावर वावर वाटलं, घरात भिंत घातली. बोलेरोत भिंत कशी घालाची?

जीवन: मंग त्याहीलेबी आनाचं होतं संगं. रिमोट कसा चालवाचा ते दोघायले एकदाच दाखवलं असतं.

नागोराव: बोलनं नाही आमचं.

जीवन: अन् चाबी कशी देता मंग?

नागोराव: बजाराच्या दिवशी पानटपरीवर ठेवतो. तो उचलते. मी टपरीवाल्याले विचारतो, उचलली का. तो म्हनते उचलली. झालं.

जीवन: काकाजी, एक विचारू? चाबी त्याच्यापाशी, रिमोटबी त्याच्यापाशी. मंग हा अलार्म लावून राह्यले कोनासाठी?

नागोराव: तू वायर जोड.

जीवन: जोडतो नं. पर मले समजलं तं तसं सेटिंग करता येते. काच फोडते कोनी? डिझेल चोरते?

नागोराव: भाडं मारते तो.

जीवन: विलासभाऊ?

नागोराव: दारव्हा ते यवतमाळ. रस्त्यानं जो हात दाखवन तो आत. माह्या पाळीत गाडी आली का मी मांगची सीट उचलून पाह्यतो. काय काय भेटलं सांगू? बाईची टिकली, खिडकीपाशी चिपकवलेली. लेकराची एक चप्पल. अन् कोंबडीचे पखं.

जीवन: पाव्हनेबी असू शकते.

नागोराव: कोंबडी घेऊन?

जीवन: आमच्याकडं येते बावा.

नागोराव: बाबा त्या गाडीत चपला काढून बसत. अन् हा तिले काळीपिवळी करून राह्यला. तोंडावर विचारलं तं नाही म्हनन. डोळ्यानं पाहाले जावं तं त्याच्या मांगं कोन फिरते? म्हनून म्हनतो, असं काही नाही का, का मधात दरवाजा उघडला तं गाडीनंच बोंब मारली पाह्यजे?

जीवन: हाय तसं. पर ते येगळ्या कामाचं हाय. समजा तुमी गाडी चालवून राह्यले, चोरानं अडवलं, तुमाले उतरवलं अन् गाडी पळवली. इंजन चालू असतानी दरवाजा उघडला, हे ते ध्यानात ठेवते. थोडी दूर जाऊ देते. मंग भोंगा सुरू, अन् इंजन बंद.

नागोराव: मंग रिमोटनं चालू होते?

जीवन: नाही होत. एक लपवलेलं बटन राह्यते, त्याच्यानंच होते. गाडी घेतल्याबरोबर चोराले बटन कुठी भेटते?

नागोराव: ते चालू कर.

जीवन: घरच्या गाडीत कोनी नाही ठेवत काकाजी. मालातच बंद येते. बायको एकदा उसाचा रस प्याले उतरली का पुढं जाऊन गाडी बंद. शिव्या आमाले.

नागोराव: माह्या पाळीत मी इंजन बंद करूनच दरवाजा उघडीन. भाडं मारनारा कुठी बंद करते? त्याची तं गाडी हालत राह्यते, मानूस लोंबकळत चढते. चालू कर.

जीवन: पाहा बा. मंग चाबी आन करा. आफ करा. पुन्हा आन. आता हात काढा, मी बटन दाबतो. भोंगा जितक्या वेळा टूं करन तितक्या नंबरची सेटिंग. ऐका.

नागोराव: वाजला.

जीवन: हे दरवाजाच्या लाकचं, हे नाही पाह्यजे. हे धक्का लागल्याचं. हे. आता रिमोट दाबा. दाबा, घाबरू नोका. झालं.

नागोराव: झालं म्हंजे कसं झालं? मले दाखव.

जीवन: इंजन चालू करा. मी बाहेरून दरवाजा उघडतो. उघडला. लावला. आता थांबा.

नागोराव: काही होऊन नाही राह्यलं.

जीवन: थांबा म्हटलं नं.

नागोराव: त्याले तोवर एखाद्यानं पैसेबी देल्ले असते... अबे, बंद कर. बंद कर तो भोंगा.

जीवन: आता तुमीच करा. बटन दाबून धरा, तुमीच सांगतलेल्या जागी. सोडू नोका. हां.

नागोराव: ही जागा कोनाले मालूम?

जीवन: तुमाले अन् मले. आमच्या दुकानाची रीत हाय, ज्यानं लावून घेतलं त्यालेच जागा सांगाची. फोनवर तं सख्ख्या बापालेबी नाही. चोरबी फोन करते.

नागोराव: माह्या घरच्यायलेबी सांगाचं नाही.

जीवन: काकूले?

नागोराव: बाईच्या पोटात गोष्ट राह्यते का?

रविवार. फोनवर. लाडखेडच्या पुढे.

विलास: हालो, अलार्मवाले का? तुमचा नंबर काचेवर चिपकवला हाय म्हनून लावला. बोरी अरबची बोलेरो हाय. चांगली चालून राह्यलती, एकदम भोंगा वाजला अन् बसली. रिमोट दाबू दाबू अंगठा दुखला. माही पोरगी गाडीत हाय, तिची डाक्टरकीची परीक्षा हाय, यवतमाळले जाऊन राह्यलो...

जीवन: तुमी विलासभाऊ.

विलास: तुमाले कसं मालूम?

जीवन: मधात दरवाजा उघडलता का भाऊ?

विलास: कोनता दरवाजा?

जीवन: कोनताबी. इंजन चालू असतानी.

विलास: नाही. म्हंजे हो. पोरीले वांती झाली, म्हनून उघडला.

जीवन: मंग बरोबर हाय. गाडी खराब नाही. एक बटन लपवलं हाय, ते दाबलं का चालू होते.

विलास: कुठी हाय?

जीवन: ते मी सांगू शकत नाही. काकाजीले शब्द देल्ला. थांबा, त्याहीले याच लाइनवर घेतो.

विलास: त्याले नोको. चार वर्षं झाले, आमी बोललो नाही. त्यापेक्षा मी गाडी ढकलत नेतो.

खुशी: बाबा, घेऊ द्या. दीडला गेट बंद होतं.

जीवन: घेतलं. काकाजी, जीवन बोलतो. तुमची गाडी बंद पडली, विलासभाऊ लाइनवर हायेत.

नागोराव: पडली?

जीवन: हो.

नागोराव: त्याले विचार, कुठी पडली.

विलास: लाडखेडच्या पुढं.

नागोराव: जीवन, मी तुले विचारलं.

जीवन: लाडखेडच्या पुढं म्हनते काकाजी.

नागोराव: किती जन हायेत गाडीत?

विलास: सांगा त्याले. मी हाय अन् माही पोरगी हाय.

नागोराव: दरवाजा कायले उघडला मंग?

जीवन: पोरीले वांती झाली म्हनते.

नागोराव: खुशीले गाडी लागत नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाढली ते पोरगी. शेगावले नेलं तवा जातायेता उलटं तोंड करून बसली, वरून दोन कचोऱ्या खाल्ल्या. वांती कशी होईन?

विलास: टेंशननं झाली.

नागोराव: पोरीले फोन दे म्हना.

खुशी: मोठेबाबा, मी खुशी बोलते आहे.

नागोराव: तुले वांती झाली का?

खुशी: मोठेबाबा, आधी ते बटण सांगा ना.

नागोराव: मी काय विचारलं?

खुशी: नाही झाली.

विलास: खुशे.

खुशी: मी आज खोटं नाही बोलणार बाबा.

नागोराव: मंग दरवाजा कायले उघडला? कोनी बसलं का?

खुशी: बसलं.

नागोराव: कोन?

खुशी: ते मी नाही सांगू शकत. शपथ घातली आहे मला.

नागोराव: ऐकलं का जीवन? शपथ घातली. पोरीची परीक्षा हाय अन् याले आजबी भाडं पाह्यजे. तिथंच थांबा म्हना त्याले. मी मोटरसायकल काढतो. कोन बसलं ते या डोळ्यानं पाह्यतो.

खुशी: तुम्ही येईपर्यंत माझं गेट बंद होईल. ही परीक्षा वर्षातून एकदाच असते मोठेबाबा. मागच्या वर्षी थोडक्यात राहिली माझी.

जीवन: काकाजी, सांगून टाका नं.

नागोराव: एकदा सांगतली का जागा संपली. उद्यापासून पुन्हा कोंबड्या. अन् गाडी खरीच बंद पडली कायवरून? भोंगा तं मले ऐकू येत नाही.

विलास: काचा लावल्या म्हनून. घे, उघडली काच. ऐक.

नागोराव: ते मोबाइलवरबी वाजवता येते. पोरं काय काय भरून ठेवते त्याच्यात.

विलास: अरे दादा, भोंगा मोबाइलवर वाजवून मी या उन्हात रस्त्यावर कायले उभा राहीन? लगनाचा दिवस हाय, जीप दिसली का टपावरबी लोकं हायेत. कोनी थांबून नाही राह्यलं. तू काय समजतो मले?

नागोराव: जे हाय ते समजतो. ज्याले बसवलं त्यालेच म्हना, उतर अन् ढकल.

लीलाबाई: आन तो फोन इकडं.

विलास: वहिनी, नोको.

नागोराव: कोन वहिनी?

लीलाबाई: त्याले एकच वहिनी हाय.

जीवन: काकाजी? हालो? लाइनवर हाये का?

नागोराव: तू तं मालूच्या हळदीले गेलती.

लीलाबाई: लाडखेडलेच गेलती, खोटं नाही सांगतलं. सकाळच्या बसनं आली, मालूकडं हळद लावली, अन् फाट्यावर येऊन उभी राह्यली दही-साखर घेऊन. गावातून बसली असती तं टपरीवाल्यानं चाबीसंगं तेबी सांगतलं असतं तुमाले.

नागोराव: कवापासून चालू हाय हे?

लीलाबाई: तिच्या दहावीच्या पयल्या पेपरापासून. दही माह्या हातचं लागते तिले, अन् सेंटरच्या बाहेर मी बसली पाह्यजे. तुमी भिंत घातली, पोरीनं नाही घातली.

नागोराव: म्हंजे ते टिकली...

लीलाबाई: कोनती टिकली?

नागोराव: खिडकीपाशी चिपकवलेली होती.

लीलाबाई: माहीच असन. घाम आला का निंगते, म्हनून लावून ठेवतो.

नागोराव: अन् चप्पल? पखं?

लीलाबाई: ते माह्ये नाही. ते भाड्याचे.

विलास: वहिनी.

लीलाबाई: खोटं हाय का? मारते तो भाडं, कधीमधी. त्याच्या पाळीत डिझेल काय तुमी टाकता? ते तुमी दोघं मंग भांडा. पोरगी घामानं चिंब झाली इथं. जागा सांगता, का मी बाभळीखाली बसू? बसली तं मंग संध्याकाळच्या भाकरीचं तुमीच पाहा.

जीवन: मी ठेवू का काकाजी? घरचं हाय तुमचं.

नागोराव: तू राय. चुकलं तं सांगाले कोन हाय? खुशीले फोन दे. अन् विलासले खाली उतरव.

खुशी: बाबा खालीच आहेत.

नागोराव: दूर जाय म्हना. अन् पाठ करून उभा राय.

खुशी: बाबा, त्या बाभळीपाशी जा. इकडे पाठ करा.

विलास: कायले?

लीलाबाई: राय नं भाऊ उभा.

खुशी: उभे आहेत.

नागोराव: पाठ केली?

खुशी: केली.

नागोराव: तुह्या मोठीआईलेबी उतरव.

लीलाबाई: मी नाही उतरत. माहे गुडघे दुखते. डोळे मिटतो.

नागोराव: मिटले का तिनं?

खुशी: मिटले मोठेबाबा. खरंच मिटले.

नागोराव: समोर राखदाणी हाय नं, बिडी विझवाची? ते पुरी वढून काढ. निंगाली? आता खोक्यात हात घाल, मांगं, वरच्या बाजूनं.

खुशी: काहीतरी टोचतंय. बटण आहे.

जीवन: आता चाबी आन कर बेटा. इंजन नोको चालू करू, नुसती चाबी. केली? बटन दाबून धर. सोडू नोको. अजून. अजून धर.

खुशी: भोंगा बंद झाला.

नागोराव: राखदाणी लाव, होती तशी. पुरी आत गेली का?

खुशी: गेली.

नागोराव: पेपर डोकं थंड ठेवून लेह्यजो. आता बोलव त्याले.

विलास: झाली का? थांब, मारतो स्टार्टर. झाली. चालू झाली दादा.

नागोराव: जीवन, त्याले म्हना, आता मधात कोनासाठी थांबू नोको. दरवाजा उघडला तं पुन्हा बंद पडन.

जीवन: विलासभाऊ, काकाजी म्हनते...

विलास: ऐकलं मी.

लीलाबाई: मी डोळे उघडू का?

तोच गुरुवार. दुकान, वायर जोडायच्या आधी.

जीवन: गाडी कोनाच्या नावावर हाय काकाजी?

नागोराव: अजून बाबाच्याच.