कुंदाताईंचं नाटक होडीने गेलं तेव्हा

माणसांनो, दाराशी उभे आहात ते पुढे या. सतरंजीवर अजून जागा आहे. निर्मळहून आलात, नंदाखालहून आलात, अर्नाळ्याच्या बायका तर बाजार सोडून आल्या आहेत. ताई असत्या तर आधी तुम्हाला बसवलं असतं, मगच तोंड उघडलं असतं.

मी सुलभा. आपल्या नाट्यमंडळात आयुष्यभर कामं केली, ती सगळी कुंदाताईंच्या हाताखाली. लिहून दिलेलं बोलायची सवय आहे मला. आज लिहून देणारीच गेली. त्यामुळे चुकले, अडखळले, तर सांभाळून घ्या.

अण्णा, मेघना, तुमच्या घरातलं माणूस गेलं. आमचंही घर तेच होतं. तुमच्या पानवेलीच्या मांडवाखाली आमच्या तालमी झाल्या. पण आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. इथल्या निम्म्या लोकांनी ती ऐकलेली आहे. तरी ऐका.

आमचं मंडळ गावोगाव फिरायचं ते टेम्पोने. एका टेम्पोत नेपथ्य, दुसऱ्यात जनरेटर आणि दिवे, मागून आमची गाडी. एकदा केळव्याच्या बाजूला प्रयोग होता. पहिला अंक रंगात आला होता. तेवढ्यात एक बाई तान्हं मूल पदराखाली घेऊन थेट स्टेजपाशी आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुमचं नाटक छान असेल. पन माज्या घरात त्याचा धूर येतोय. पोराला खोकला लागलाय."

जनरेटर तिच्या खिडकीखाली लावला होता.

ताईंनी काय केलं? त्या उठल्या आणि स्वतः जाऊन जनरेटर बंद केला. भर प्रयोगात. काळोख! आम्ही स्टेजवर तसेच उभे. मग कोणी कंदील आणला, कोणी मोटरसायकलचा दिवा लावू लागला, तर ताईंनी त्याला थांबवलं. नाटक आम्ही कंदिलावर पूर्ण केलं. आवाज चढवावा लागला नाही. इतकी शांतता होती की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मांडवात आम्हाला बसवलं आणि म्हणाल्या, "यापुढे टेम्पो नाही. जनरेटर नाही. सायकलने जायचं, होडीने जायचं, जिथे एसटी जाते तिथे एसटीने. आणि उजेड असताना खेळायचं. सूर्य हा आपला एकच दिवा. तो आपल्या वेळेला येणार नाही, आपण त्याच्या वेळेला यायचं."

आम्ही हसलो. खरंच हसलो. आमच्यातला एकही चाळिशीच्या आतला नव्हता. ताई तर साठीला टेकलेल्या.

हसला नाही तो हरेश्वर. आमचं नेपथ्य करणारा. हरेश्वर, तू समोर बसला आहेस, म्हणून सांगते. खाडीकाठचा हा शेतकरी माणूस. त्याने आमच्यासाठी दुमजली घर उभं केलं होतं. खरा जिना, उघडझाप करणारी खिडकी. तो ताईंना म्हणाला, "म्हंजे मला सुट्टी का?"

ताई म्हणाल्या, "तुझ्याशिवाय हे होणारच नाही. मला असं घर दे, जे सायकलला बांधता येईल."

"ते घर नाय ताई, ते गाठोडं," तो म्हणाला आणि निघून गेला. आम्हाला वाटलं, गेला. मंडळ मोडलं.

भाताची कापणी उरकल्यावर तो आला. हात हलवत आला आणि म्हणाला, "प्रत्येकीने घरातली एक जुनी साडी द्या." त्या साड्या जोडून त्याने एक प्रचंड कापड शिवलं. चार बांबूंवर ताणलं की भिंत, सैल सोडलं की नदी, एका टोकाला धरलं की शीड. ताई त्या कापडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हरेश्वर, तू तर गावच बांधलंस की रे." हरेश्वर तेव्हा मान फिरवून उभा होता. का, ते आम्हाला ठाऊक आहे.

त्या कापडासाठी ताईंनी नवीन नाटक लिहिलं. गावच्या विहिरीचं पाणी खारं होतं आणि एक बाई गोड्या पाण्याच्या शोधात निघते. ती बाई मी.

पहिला दौरा अर्नाळ्याहून पलीकडे, दातिवऱ्याला. मध्ये वैतरणेचं मुख. सायकली, गाठोडी घेऊन आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो, तर वारा सुटलेला. होडीवाले बाबू तांडेल, ते आज इथे आहेत, हात जोडून म्हणाले, "बाय, आज पानी बरं नाय. मी नाय नेनार."

पलीकडे लोक प्रयोगाची वाट बघत होते. रस्त्याने जायचं तर भला मोठा वळसा. आमच्यातल्या दोघांनी गुपचूप एक गाडी मागवली. गाडी आलीसुद्धा. आता ताई चिडणार, असं आम्हाला वाटलं. त्या म्हणाल्या, "ज्यांना जायचं त्यांनी जा. मी रागावणार नाही. पण मी इथेच बसते." आणि उलट्या केलेल्या एका होडीला टेकून बसल्या. आमच्यातलाच एक नट, प्रकाश, गाडीत बसला होता. थोडा वेळ बसला, आणि उतरला.

ताईंनी दातिवऱ्याच्या गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, आज येत नाही. वारा आहे."

"ताई, लोक येऊन बसलेत हो!"

"त्यांना विचारा ना. विचारून सांगा."

गुरुजींनी फोन ठेवला. आम्ही ताईंच्या तोंडाकडे बघतोय. गेला प्रयोग, दौराच गेला. मग फोन वाजला. गुरुजी म्हणाले, "लोक म्हणतात, या वाऱ्यात आमच्याही होड्या बाहेर नाहीत. तुम्ही कशाला जीव धोक्यात घालता? उद्या या. आम्ही थांबतो."

मंडळी, आम्ही इतकी वर्षं नाटकं केली. उशीर झाला म्हणून शिव्या खाल्ल्या, खुर्च्या आपटलेल्या पाहिल्या. प्रेक्षक आमच्यासाठी वारा पडेपर्यंत थांबलेला आम्ही कधी पाहिला होता? गाडीने गेलो असतो तर वेळेवर पोहोचलो असतो. पण पाहुणे म्हणून पोहोचलो असतो. वाऱ्याने आम्हाला त्यांच्यातलं केलं.

अर्नाळ्याच्या घरांनी आम्हाला ओट्यावर, माजघरात ठेवून घेतलं. जेवू घातलं. माझ्या नऊवारीला सुक्या बोंबलांचा वास लागला तो लागलाच.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. बाबूंनी आम्हाला नेलं. पण पलीकडे ओहोटी लागलेली, होडी काठाला लागेना. सायकली कशा उतरवायच्या, गाठोडी भिजली तर? तेवढ्यात किनाऱ्यावरून बायका निघाल्या. लुगडी खोचून, कमरेएवढ्या पाण्यात. एकामागून एक गाठोडं डोक्यावर घेऊ लागल्या. त्यातली एक इकडेतिकडे बघून म्हणाली, "सामान आलं. नाटक कुठं हाय?"

ताई म्हणाल्या, "तुमच्या डोक्यावर."

पाण्यात उभ्या राहून त्या बायका अशा हसल्या, की बाबूंनी वल्हं सोडून दिलं!

उन्हं उतरताना प्रयोग सुरू झाला. शेवटच्या प्रवेशात ती बाई तहानलेली बसते. गोडं पाणी मिळतं की नाही, हे ताईंनी लिहिलेलंच नव्हतं. मी वाळूत बसले. मागे सूर्य पाण्याला टेकलेला. सगळं कापड तांबडं झालं. मी शेवटचं वाक्य बोलले, "कुणाच्या घरात घोटभर गोडं पाणी आहे का?"

नाटक इथे संपायचं. संपलं नाही. प्रेक्षकांतून एक म्हातारी उठली. घरी गेली. सगळे बसून राहिले. मीही बसून राहिले, दुसरं काय करणार? ती परत आली, हातात तांब्या. माझ्यापुढे वाकून म्हणाली, "पी बाय."

गुरुजींनी नंतर सांगितलं, तिच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी खरंच खारं झालं होतं. तो तांब्या तिने लांबून डोक्यावर वाहून आणलेल्या पाण्यातला होता.

मी प्यायले. नटी म्हणून प्यायले की कोण म्हणून, मला आजही सांगता येत नाही.

परत येताना प्रकाश म्हणाला, "ताई, हाच शेवट ठेवू. प्रत्येक गावात कोणाला तरी सांगून ठेवू, तांब्या घेऊन ये म्हणून."

ताई म्हणाल्या, "नाही. तो शेवट तिचा आहे. आपण मागायचा नाही."

त्यानंतर ते नाटक आम्ही कुठेकुठे नेलं. पुढे लांबच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं, विमानाची तिकिटं देतो म्हणाले. ताईंनी कळवलं, रेल्वेने येऊ, आणि वाटेतल्या गावांत खेळत येऊ. "एवढ्या लांब जायचं, तर मधल्या माणसांना ओलांडून कशाला जायचं?" आज दुसरी मंडळं आम्हाला विचारायला येतात, हे कसं जमवता. आम्ही काय सांगणार? ताई माणसांवर विश्वास ठेवायच्या, आणि माणसं त्या विश्वासाला जागायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजूनही मला ते खरं वाटत नाही.

आता शेवटचं. या वर्षी आम्ही जव्हारला गेलो. ताईंना अंथरुणावरून उठवत नव्हतं. "थांबू नका," एवढंच म्हणाल्या. परत आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. प्रयोग कसा झाला, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "घाट कसा होता?"

मी सांगायला बसले. कुठे उतरून सायकली ढकलल्या, कुठल्या वळणावर वाऱ्याची झुळूक आली, हरेश्वर कुठे धापा टाकत बसला. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. म्हणून थांबले. तर चादरीखाली त्यांचे पाय हलत होते. हळूहळू. एक वर, एक खाली. एक वर, एक खाली.

मग मी थांबले नाही. वरपर्यंत नेलं त्यांना.

उभे राहूया, मंडळी. थोडा वेळ कोणीच काही बोलू नका.

ताई, नमस्कार करते.